दुपारी झोपणारी मशीन

बिऱ्हाड हलवताना गादीखालून काय काय निघेल याचा नेम नसतो, हे मला माहीत होतं. पण आमच्या संघाचं बिऱ्हाड हलवताना एक अख्खी मशीन निघेल, आणि तीही जिथं आमचं ऑफिसच नाही अशा गावात निघेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा न पाजता वाटेला लावलं असतं.

मी शालिकराम गावंडे. पूर्णाथडी बियाणे सहकारी संघाच्या अकोल्याच्या मुख्य कार्यालयात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. विभागात माझ्यासकट दीड माणूस. उरलेला अर्धा जनरेटरला डिझेल घालायला जातो. ही गोष्ट दोन हजार सातच्या उन्हाळ्यातली. संघाच्या मशिनी तेव्हा अमरावतीच्या जुन्या इमारतीत होत्या, आणि त्या अकोल्याच्या नव्या, थंडगार खोलीत आणायच्या असं ठरलं होतं. एक रविवार मुक्रर झाला. रविवारी हलवायच्या, सोमवारी सकाळी सगळ्या केंद्रांवर बियाण्याच्या खिडक्या उघडायच्या.

आता खिडकी म्हणजे काय ते सांगतो. शेतकरी खिडकीवर येतो, प्रोग्राम त्याचं नाव-गाव विचारतो आणि पावती काढतो. पावती दाखवली की गोदामातून सोयाबीनची बॅग. पावती नाही तर बॅग नाही. त्या वर्षांत राजेहो, कापसाला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता, आणि पेरणी मोडली की दुसऱ्यांदा पेरायला बियाणं कुठून आणायचं हा घराघरातला घोर होता. बियाण्यासाठी लोक पहाटेपासून रांगेत चप्पल ठेवून जात. आदल्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर आमचा प्रोग्राम तीन दिवस बंद पडला. हिवरखेडच्या केंद्राची काचेची खिडकी फुटली, आणि केंद्रप्रमुख खुशालराव पोलिस येईपर्यंत गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे बसून राहिले. चौकशी समिती आली, तिने चहा घेतला आणि 'तांत्रिक कारण' असं लिहून ती गेली. तेव्हापासून फोनवर खुशालरावांचा आवाज जरासा कापतोच.

म्हणून आमचे जनरल मॅनेजर भुयारसाहेब बैठकीत म्हणाले, "गावंडे, सोमवारी एक जरी खिडकी बंद राहिली, तर त्या खिडकीत तुम्ही जाऊन उभे राहाल. काचेच्या अलीकडे नाही, पलीकडे, रांगेतल्या लोकांत."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, संघात सात मशिनी आहेत. सातही मी नावानिशी ओळखतो."

साहेबांचा माझ्यावर विश्वास होता, पण त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून एक सॉफ्टवेअरही मागवलं होतं. हे सॉफ्टवेअर आपलंआपण तारांमधून फिरतं, जी मशीन भेटेल तिला विचारतं: तू कोण, तुझ्यावर कोणता प्रोग्राम चालतो, आणि तो प्रोग्राम आपली माहिती कोणत्या डेटाबेसमधून आणतो? आपल्याकडे लग्नाच्या मांडवात एक म्हातारे असतात बघा. खुर्ची घेऊन दाराशी बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "कोन गावचे? कोनाइकडचे?" संध्याकाळपर्यंत अख्ख्या मांडवाचं नातं त्यांच्या डोक्यात तयार असतं. हे सॉफ्टवेअर म्हणजे तेच म्हातारे. फक्त नातं डोक्यात न ठेवता ते पडद्यावर चित्र काढतं: चौकोन म्हणजे मशीन, बाण म्हणजे जोडणी, आणि प्रत्येक चौकोनावर एक ठिपका. मशीन जागी असेल तर हिरवा, नाहीतर लाल.

साहेबांच्या समोर मी बटण दाबलं. एकेक चौकोन उमटत गेला आणि मी एकेकाचं नाव सांगत गेलो. हा सभासदांचा, हा साठ्याचा, हा पावत्यांचा. बियाण्याच्या प्रोग्राममधून तीन बाण तीन डेटाबेसकडे गेले. मी टाळी मिळायची वाट पाहत होतो. तेवढ्यात चौथा बाण निघाला, पडद्याच्या कडेला गेला आणि तिथं आठवा चौकोन उमटला. खाली नाव आलं: 'अनोळखी-१'.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"बघतो साहेब," मी म्हणालो. माणसाची इज्जत जायला एक चौकोन पुरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बघितलं. आमचा प्रोग्राम पावती काढताना शेतकऱ्याच्या गावाचं नाव विचारायला त्या आठव्या मशीनकडे जात होता! गावांची यादी तिथं. तिने उत्तर दिलं तर पावती, नाहीतर नाही. म्हणजे साऱ्या वऱ्हाडाची पेरणी जिच्या होकारावर चालली होती, ती मशीन कुठं आहे हे संघात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिच्यापर्यंतच्या तारेचं भाडं मात्र अकाउंट विभाग सगळ्या तारांच्या एकाच बिलात, गाव न पाहता, इमानेइतबारे भरत होता. मी विचारायला गेलो तर ते म्हणाले, "मंजूर झालेली गोष्ट बंद कशी करता येते?"

तिच्यात शिरून पाहावं म्हटलं तर पासवर्ड कोणाला माहीत नाही. रविवार तोंडावर आलेला. ही मशीन न सापडता बाकीच्या हलवल्या तर जोडणी तुटणार आणि सोमवारी सगळ्या खिडक्या बंद, हे नक्की होतं. आणि काचेच्या पलीकडे मी.

शेजारी सल्ला द्यायला मोकळेच होते. आमच्या शेजारचे किसनराव निवृत्त तलाठी. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन ऐकलं आणि म्हणाले, "पेपरात नोटीस द्या. सदर मशीन कोणाची असल्यास सात दिवसांत हरकत घ्यावी."

"किसनराव, माझ्याकडे सात दिवस नाहीत."

"मंग बंद करून पाहा. ज्याची असंल तो बोंबलत येईल."

"बोंबलत सगळं वऱ्हाड येईल!"

"मंग तर लगेच सापडते," किसनराव म्हणाले. त्यांच्या मनकर्णाबाईंनी आतून सांगितलं की मशीनला नजर लागली असेल, बिबा बांधा. मी विचारलं, कुठं बांधू? ती कुठं आहे हेच तर शोधून राहिलो ना मी! त्यावर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुद्दामच अडवून धरतोय.

पण खरं सांगू? भीती होतीच, तरी मला त्या मशीनची ओढ लागली. दिवसभर मी त्या ठिपक्याकडे पाहत बसायचो. आणि मला दिसलं की ती दुपारी झोपते. सकाळभर हिरवी. दुपारी जेवणाच्या सुमारास एकदम लाल. चारच्या पुढे कधीतरी पुन्हा हिरवी, पण बाकी मशिनींसारखी वेळेवर नाही. कधी चारला, कधी सव्वाचारला, एकदा तर दिवेलागणीलाच. मशीन अशी वागत नाही. अशी माणसं वागतात.

आणि त्या लाल ठिपक्याच्या पाठोपाठ रोज खुशालरावांचा फोन. "साहेब, झोपला."

दुपारी प्रोग्राम थांबतो, हे आम्हाला कधीचं माहीत होतं. सगळीकडेच थांबायचा, आणि प्रत्येक केंद्राने आपापलं कारण शोधून ठेवलं होतं. हिवरखेडचं कारण होतं ऊन. पारा सेहेचाळीसवर गेला की माणसाला ऊन लागतं, मग कॉम्प्युटरला काहून लागू नये? मला ते पटलं होतं, म्हणून मीच तिथं कूलर मंजूर केला होता. एवढ्यावर खुशालराव थांबले नव्हते. आपण उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतो, तसा त्यांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर कांदा ठेवला होता. दर सोमवारी नवा.

"कांदा बदलला का?" मी विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते सुचेना.

"आजच बदलला साहेब. नाशिकचा हाय."

माझी बायको आरती तेव्हा सुट्टीसाठी माहेरी, अचलपूरला गेली होती. रोज दुपारी ती फोन करून मी जेवलो का ते विचारायची. त्या दिवशी मी ठिपक्याकडे पाहत तिच्याशी बोलत होतो. ती वांग्याच्या भाजीबद्दल काही सांगत होती आणि मध्येच म्हणाली, "मायबाई! गेली लाईट."

ठिपका लाल झाला.

योगायोग असतो बुवा. पण दुसऱ्या दिवशी मीच फोन केला आणि बायकोला वांग्यांवरून कैऱ्यांवर, कैऱ्यांवरून मावशीच्या गुडघ्यावर नेत बोलतं ठेवलं. पंधरा वर्षांच्या संसारात मी तिच्या मावशीच्या गुडघ्याची एवढी चौकशी कधी केली नव्हती. ती म्हणाली, "थांबा अजी, लाईट गेली, पंखा बंद झाला." इकडे ठिपका लाल! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्या वर्षांत प्रत्येक गावाच्या भारनियमनाची वेळ वेगळी होती. अकोल्यात तेव्हा वीज होती, हिवरखेडला होती, अमरावतीला होती. फक्त अचलपूरला नव्हती.

"आरती, लाईट आली की मला फोन कर. लगेच कर. आणि उद्या सकाळीही सांग, आहे का नाही."

"काहून? काय झालं?"

"तू नुसतं सांग."

एवढ्यावरून सासरी काय घडलं ते मला नंतर कळलं. अधिक महिना होता तो. धोंड्याचा महिना, जावयाला बोलवून वाण द्यायचा. आणि जावई दिवसातून तीनदा विचारून राहिला, लाईट आहे का, लाईट गेली का, लाईट आली का. माझे सासरे धोरणी माणूस. त्यांनी आरतीला बोलावून म्हटलं, "समजलो मी. जवाईबापूले इन्व्हर्टर पाहिजे. तोंडानं मागाची लाज वाटून राहिली त्याईले."

हे मला माहीत नव्हतं. मी आपल्या आनंदात होतो. आरतीचा फोन आला की लाईट आली, आणि ठिपका काही हिरवा होईना. दहा मिनिटं गेली. मग झाला हिरवा. म्हणजे वीज आल्यावर कोणीतरी हातातलं काम संपवून येतं आणि बटण दाबतं. रोज! मी आरतीला विचारलं, "आमचं जुनं ऑफिस अचलपुरात कुठं होतं गं?"

"आयशाबीच्या माडीवर नव्हतं का? बिलनपुऱ्यात. बंद होऊन चार वर्षं झाली त्याले."

मी दौऱ्याचा अर्ज घेऊन आस्थापना विभागात गेलो. तिथल्या बाईंनी चष्मा पुसून वाचला. "अचलपूरला आपलं ऑफिस नाही."

"नाहीच आहे. म्हणून तर जायचं आहे."

"जिथं ऑफिस नाही तिथला दौरा कसा मंजूर करणार? रजा टाका. कारण लिहा, घरगुती."

असा मी संघाची पेरणी वाचवायला घरगुती कारणासाठी निघालो, शनिवारी, एसटीने. अकोटमार्गे अचलपूर. उतरलो तर सासरे स्वतः न्यायला आले होते. दाराशी पाय धुतले, पाट मांडला, पुरणाचे धोंडे वाढले, आणि मी "आयशाबीकडे जायचं आहे" म्हणत होतो तरी कोणी ऐकेना. शेवटी सासऱ्यांनी खोक्यावरचं कापड बाजूला केलं. इन्व्हर्टर. बॅटरीसकट. त्याला हळदीकुंकू लावलेलं.

"मामंजी, हे कशाला?"

"राहू द्या, राहू द्या," सासरे हसले. "आमाले इशारा कळते." गल्लीतली पाच-सात माणसं ओट्यावरून पाहत होती. त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं की हुंड्यावाचून लग्न केलेल्या जावयाने पंधरा वर्षांनी डाव साधला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आरती? ती बापाच्या हुशारीवर खूश होती.

आयशाबीचं घर जुन्या ऑफिसच्या पाटीसकट तसंच होतं. खाली त्यांच्या पोराचं, फारुखचं, गाद्या-रजयांचं दुकान, वर माडी. आयशाबी साठीच्या पुढच्या, उंच, पांढरी ओढणी. मी ओळख सांगितली तर त्या म्हणाल्या, "आरतीचा नवरा ना तू? इन्व्हर्टरवाला?"

माझ्या आधी माझी कीर्ती पोहोचली होती.

माडीवर गेलो. खोली झाडलेली. खिडकीत वाळ्याचा पडदा. आणि कोपऱ्यात, टेबलावर, क्रोशाच्या विणकामाचं फूल-फूल झाकण घालून, ती बसली होती. अनोळखी-एक. झाकणाच्या एका भोकातून हिरवा दिवा दिसत होता. मला सांगता येत नाही मला काय वाटलं. एवढे दिवस जिचा ठिपका पाहिला ती समोर! मी नकळत हात जोडले.

"भगवंता ठेवून गेला," आयशाबी सांगू लागल्या. "तुमच्या ऑफिसात होता ना, भगवंत. अमरावतीची मोठी मशीन जळली होती तवा गावाइची यादी त्यानं हिच्यात भरली. मले म्हणाला, खाला, ये अमानत है, बंद मत होने देना, मैं दो दिन में आता हूँ. मंग ऑफिस उठलं, सामान गेलं, ही राहिली. मी कोणाले हात लावू नाही दिला. लाईट जाते तवा झोपते बिचारी. लाईट आली का मी तिसऱ्या पहरची, असरची नमाज पढतो, वर येतो, बिस्मिल्ला करून बटण दाबतो. आधी छोटा डब्बा, मंग मोठा."

"चार वर्षं? रोज?"

"अमानत हाय ना बेटा, दुसऱ्याची ठेव. एक बार फक्त नाही जमलं. मागच्या सालात अफसानाच्या शादीले बुऱ्हाणपूरले गेली होती, तीन रोज. कुलूप लावून गेली होती, कोणी हात नाही लावला पाहिजे म्हणून. काही खराबी तर नाही झाली?"

तीन दिवस. पेरणीचं तोंड. हिवरखेडची काच, खुशालराव पोत्यांमागे, चौकशी समितीचा चहा. मी म्हणालो, "नाही खाला, काही नाही झाली." विजेचं बिलसुद्धा ही बाई आपल्या घरातून भरत होती. आमच्या संघात तारेचं भाडं भरणारे होते, चौकशी करणारे होते, बाईला विचारणारा कोणी नव्हता. लाज वाटली, उघड सांगतो.

पण मला मशीन न्यायची होती, आणि उद्याच. मी तसं म्हटलं, तर आयशाबी दारात उभ्या राहिल्या.

"नाही."

"खाला, मशीन संघाची आहे. मी संघाचा आहे."

"असशील. पर मले भगवंतानं दिली. ज्याची अमानत त्यालेच देईन, नाहीतर त्यानं सांगाव."

"उद्या नेली नाही तर परवा शेतकऱ्यांना बियाणं मिळणार नाही हो!"

"मंग बोलव ना भगवंताले. मी काय नाही म्हणून राहिली?"

आता या बाईशी काय भांडता? ती बरोबरच होती. भगवंत आमची नोकरी सोडून पुण्याला मोठ्या कंपनीत गेला होता. चार ठिकाणी फोन करून त्याचा नंबर मिळवला. आयशाबी समोर बसल्या, ओढणी नीट केली, जणू तो खोलीतच येणार होता.

"भगवंत, मी गावंडे, अकोल्याहून. तू अचलपूरला एक मशीन ठेवली होतीस."

"कुठे?" तिकडून आवाज आला. "अचलपूर? नाही आठवत हो सर. खूप जुनी गोष्ट झाली."

"आयशाबीकडे. पासवर्ड काय होता?"

"कोण आयशाबी? सर, मी मीटिंगमध्ये आहे. तेव्हा मी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायचो, संघाचं नाव आणि एक-दोन-तीन. ते जुनंच असेल, फेकून द्या ना." आणि फोन बंद.

आयशाबी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. "काय म्हणाला?"

मी फोन कानालाच ठेवला होता. मी खोटं फारसं बोलत नाही, मला ते जमतच नाही, कान लाल होतात. पण मी म्हणालो, "म्हणाला, खालाला माझा सलाम सांगा. त्यांचे उपकार विसरणार नाही. आणि अमानत यांच्या हाती द्या."

माझे कान आयशाबींनी पाहिले असतील नसतील. मग म्हणाल्या, "लय बोलला रे पोरगा. चांगलं झालं. पर रस्त्यात तिले कसं संभाळाचं ते तुले कसं समजन? मी संग येतो. हातोहात पोचवतो."

आणि त्या खरोखर निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत खिडकीशी आयशाबी, त्यांच्या मांडीवर फुलाफुलांचं झाकण घातलेली मशीन, शेजारी मी, माझ्या मांडीवर छोटा डब्बा, म्हणजे तारेचा मोडेम. इन्व्हर्टर गाडीत मावेना, बॅटरी घ्यायला कंडक्टर तयार होईना. मग मी तो आयशाबीकडेच ठेवला. फारुखला म्हटलं, "राहू दे इथं, नंतर पाहू." खरं तर मला तो घरी न्यायचाच नव्हता. आयशाबीच्या माडीवर दुपारी पंखा चालला तर माझा धोंडा सार्थकी लागला, असं मी मनात ठरवलं. मनातच. तोंडाने सांगायचं गडबडीत राहून गेलं.

"ही काय टीव्ही हाय?" कंडक्टरने विचारलं.

"मेहमान हाय," आयशाबी म्हणाल्या. अंजनगावपर्यंत सगळी गाडी मशीनची चौकशी करत होती. एका म्हातारीने तिला हात लावून नमस्कारही केला.

अकोल्याच्या गेटवर वॉचमनने अडवलं. आत जाणाऱ्या मशीनचा कागद पाहिजे. कागद कुठून आणू? रजिस्टरप्रमाणे ही मशीन अचलपूरच्या ऑफिसाबरोबर चार वर्षांपूर्वीच भंगारात गेलेली होती. "साहेब, जी हायेच नाही ते मी आत कशी सोडू?" तो म्हणाला. नियमाने त्याचं बरोबर होतं. अमरावतीचा ट्रक येऊन वर सातही मशिनी जोडून झाल्या होत्या, सगळे आठवीची वाट पाहत होते, आणि मी गेटवर 'आहे' आणि 'नाही' यांच्यात लटकलो होतो.

"माह्या नावानं लिही," आयशाबी म्हणाल्या. "मी भेटाले आली. हे माहं सामान." भेटायला येणाऱ्याच्या सामानाला कागद लागत नव्हता. आम्ही आत गेलो.

थंड खोलीत पाऊल टाकताच आयशाबींनी ओढणी घट्ट घेतली. "इथं तर कश्मीर हाय! आन याईले सगळ्याईले कोन उठवते?"

"कोणी नाही खाला. या झोपतच नाहीत. वीज गेली तर जनरेटर लागतो."

"रात-दिन जाग्या? या अल्ला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सातही मशिनींकडे फार वाईट वाटून पाहिलं.

भुयारसाहेब पुढे आले. "गावंडे, या कोण?"

"साहेब, या अनोळखी-एक," मी म्हणालो.

जोडणी झाली. पण बटण मी दाबलं नाही. आयशाबी पुढे झाल्या, पुटपुटल्या, आधी छोटा डब्बा, मग मोठा. पंखा घरघरला. मी संघाचं नाव आणि एक-दोन-तीन टाकलं. उघडलं. पत्ता बदलला आणि नकाशाकडे धावलो. आठवा चौकोन रिकामा. लाल. साहेबांचा श्वास माझ्या मानेवर. मग चौथा बाण सरकला आणि ठिपका हिरवा झाला. साहेबांनी आयशाबींना खुर्ची दिली आणि स्वतःच्या हाताने चहा दिला. आमच्या संघात असा चहा आजवर फक्त चौकशी समितीला मिळाला होता.

सोमवारी सगळ्या खिडक्या उघडल्या. मी फोनजवळून हललो नाही. दुपार झाली आणि फोन वाजलाच. खुशालराव. आवाज कापत होता.

"साहेब, घोटाळा झाला!"

मी ओरडलो, "काय झालं?"

"झोपलाच नाही! दोन वाजले, चालूच हाय! लोकं रांगेतून हलून नाही राहिले. आता आमी जेवाव केव्हा?"

मी एवढा हसलो की जनरेटरकडचा अर्धा माणूस धावत आला. "पाळीपाळीने जेवा, खुशालराव."

"आन कांदा? काढू का राहू देऊ?"

"राहू द्या," मी म्हणालो. कशाला हात लावा?

त्या दिवशी चारच्या सुमारास आणखी एक फोन आला. अचलपूरहून. "बेटा, उठली का?"

मी समजावलं की आता ती झोपत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "उठली का?" तिसऱ्या दिवशी मी समजावणं सोडलं आणि म्हणालो, "हो खाला, उठली." "आन तुझा बॅटरीचा डब्बा बी सलामत हाय," त्या म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. रोज असंच. मृग निघाला, पेरण्या झाल्या, तरी फोन चालू.

एकदा फोनवर त्या जरा धापा टाकत होत्या. मी विचारलं, काय झालं? "काही नाही रे. दोपहरची लाईट नसते, उमस लय हाय. पाऊस पडत नाही आन पंखा चालत नाही."

"अहो, मग इन्व्हर्टर आहे ना!"

"हाय ना. झाकण विणलं त्याले."

"झाकण? खाला, तो लावा! तुमच्यासाठीच ठेवला मी तो!"

"तू कुठं सांगतलं? तू म्हणाला, राहू दे इथं, नंतर पाहू." आयशाबींच्या आवाजात तक्रार नव्हती. "अमानत हाय, बेटा. तुह्या हातानं लावशीन तवा लागन."

मी फोन ठेवला आणि पुण्याच्या भगवंतावर चार दिवस काढलेला सगळा राग माझ्याच अंगावर आला. मीटिंगमध्ये नव्हतो मी, एवढाच काय तो फरक.

शनिवारी रजा टाकली. कारण, घरगुती. आस्थापनाच्या बाईंनी काही विचारलं नाही. अचलपूरला सासऱ्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेलो, याचा राग त्यांना आजही आहे. फारुखला हाताशी घेऊन इन्व्हर्टर आयशाबीच्या पंख्याला जोडला, क्रोशाचं झाकण नीट घडी करून त्यांच्या हाती दिलं, आणि म्हणालो, "खाला, ही अमानत नाही. हे तुमचं आहे." मग त्यांनी बटण दाबलं. दाबताना त्या बिस्मिल्ला म्हणाल्या, मी नुसता उभा राहिलो.

सोमवारी चार वाजले. फोन आला नाही. नकाशावर आठही ठिपके हिरवे होते, तरी माझं चित्त लागेना. सव्वाचार झाले. साडेचारला राहवलं नाही, मीच अचलपूरला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग आयशाबींचा आवाज आला, जड, घोगरा.

"खाला, मी गावंडे. उठलात का?"

"पंख्याखाली झोप लागली होती ना रे," त्या म्हणाल्या. "काहून उठवलं?"